रद्द केलेला विषय

इनामदारचाचांचा आवाज आधी ओळखीचा झाला आणि माणूस नंतर, असं आमच्या देवळाली प्रवरेत पुष्कळांचं झालेलं आहे. चाचा तालुक्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे काचेच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारणारे. त्या खुर्चीवर बसणारे बाकीचे लोक काय पुकारायचे ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायचे आणि फलाटावरची माणसं गाडीची पाटी वाचायला धावत सुटायची. चाचांच्या तोंडून मात्र प्रत्येक गाव सुटं बाहेर पडायचं. कोल्हार, संगमनेर, अकोले, राजूर. राजूर म्हणण्याआधी ते किंचित थांबायचे. मी पुढे कधीतरी कारण विचारलं, तर म्हणाले, "डोंगरातलं गाव आहे बाई. घाईनं म्हटलं तर पोचल्यासारखं वाटत नाही."

मी इथल्या शाळेत गणित शिकवते. फटकळ आहे, हे मी सांगायची गरज नाही, माझे विद्यार्थी गावभर सांगत असतात. तर चाचा निवृत्त झाले त्या वर्षी वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद लागला. विज्ञानकथा वाचनगट, दर रविवारी दुपारी चार वाजता, वरच्या हॉलमध्ये, वेळेवर सुरू होईल. आमच्या गावात वेळेवर काय सुरू होतं ते बघू या तरी, म्हणून मी गेले. हॉलमध्ये चाचा एकटेच बसलेले. करडा सफारी, तेल लावून मागे बसवलेले केस, शेजारी स्टीलची पाण्याची बाटली. चार वाजले तसे ते उठले आणि समोर मी एकटीच असताना, भरलेल्या स्टँडला सांगावं तसं म्हणाले, "सर्व वाचकांचं स्वागत आहे."

मला हसू आवरेना. त्यांनी मला मनसोक्त हसू दिलं आणि मग विचारलं, "बाई, तुम्हाला परग्रहावर जायला आवडेल की इथंच थांबायला?"

"इथल्या कटकटी कुणी निस्तरायच्या मग?" मी म्हटलं.

"बरोबर. म्हणजे तुम्हाला जवळच्या पल्ल्याचे विषय द्यायला पाहिजेत."

विज्ञानकथेचे प्रकार ते असे गाड्यांवरून लावायचे. परग्रहाच्या गोष्टी म्हणजे लांब पल्ल्याची गाडी, त्यात सामान फार, माणसं कमी. यंत्रमानव म्हणजे रोजची जा-ये करणारी. जग बुडाल्यानंतरच्या कथा म्हणजे शेवटची गाडी, चुकली तर स्टँडवरच मुक्काम. समांतर विश्व म्हणजे फलाट बदललेला, पाटी तीच पण आतली माणसं वेगळी. जूनमध्ये शाळा उघडल्या की ते वर्षभराचे विषय एका दमात पुकारायचे. नियम एकच: विषय चाचांनी निवडायचा, गोष्टी आम्ही शोधायच्या. आणि गोष्ट सांगून झाली की चाचांचा प्रश्न ठरलेला असायचा. "उतरवून घ्यायला कोण आलंय?" यंत्र कसं चालतं, वेग किती, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एवढा प्रवास करून माणूस जिथं उतरला, तिथं त्याची वाट बघणारं कुणी आहे की नाही, एवढंच त्यांना हवं असायचं.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी त्यांनी मला हा गट काढण्याचं कारण सांगितलं. मी विचारलेलं नव्हतं. हॉलच्या कपाटातली सगळी विज्ञानकथांची पुस्तकं आणि जुने अंक मुळात चाचांचे नव्हतेच, नसीमचे होते. नसीम त्यांची धाकटी. नगरला कॉलेजात होती, खाऊचे पैसे वाचवून असली पुस्तकं आणायची आणि जेवताना बापाला गोष्टी सांगायची. चाचा हूं हूं करायचे. ती होती तोवर त्यांनी त्यातलं एक पानही वाचलं नव्हतं.

"थंडीचे दिवस होते," चाचा म्हणाले. गाड्या पुकारायच्या त्याच आवाजात सांगत होते. "मी ड्यूटीवर. संध्याकाळी तिचा फोन आला, कॉलेजच्या फाट्यावर उभी होती. अब्बू, गाडी आहे का? मला निरोप आला होता, गाडी बिघडली म्हणून. पुन्हा एकदा विचारून खात्री करायला हवी होती मी. नाही केली. म्हटलं, गाडी रद्द आहे, थांबू नको, मैत्रिणीच्या स्कूटीवर ये." त्यांनी बाटली उघडली, पाणी न पिताच बंद केली. "रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, काही नाही. मैत्रीण वाचली. आणि गाडी आली बाई. दुसरी गाडी दिली होती त्यांनी. उशिरा आली, पण आली. स्टँडवर लागली तेव्हा मीच पुकारली. मला तोवर काही ठाऊक नव्हतं."

 

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर घरात कुणाला नीट सांगू शकलेले नाही, कारण सांगताना ते वेडगळ वाटतं आणि ऐकताना तसं मुळीच वाटलं नव्हतं. नसीम गेल्यावर त्यांनी तिची सगळी पुस्तकं वाचून काढली. त्यात त्यांना मागच्या काळात जाणारं यंत्र सापडलं. "आज नाही, ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पण पुढं कधीतरी, आपल्या नातवंडांच्या नातवंडांच्या वेळी, मागं जाणारी गाडी निघेल. निघेल ना? तेव्हा कुणीतरी त्या फाट्यावर उतरावं आणि माझ्या मुलीला सांगावं, गाडी येतेय, थांब. एवढंच. पण ते सांगायचं आहे हे कुणाच्या तरी ध्यानात राहायला पाहिजे. मी किती दिवस पुरणार? म्हणून माणसं जमवतोय. जमलेल्यांनी पुढच्यांना सांगायचं."

घरी येऊन मी भाजी करपवली. नवरा म्हणाला, काय झालं? काही नाही म्हटलं.

हळूहळू गट वाढला, आटला, पुन्हा वाढला. टिकून राहिलो ते आम्ही तिघं. मी, भाऊसाहेब आणि प्रणाली. भाऊसाहेब ऊसवाले. बायको गेल्यावर घर खायला उठतं म्हणून दुपारी वाचनालयात पंख्याखाली येऊन बसायचे. एका रविवारी चुकून जिना चढून वर आले आणि मग खाली उतरलेच नाहीत. प्रणाली पॉलिटेक्निकमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. हुशार पोरगी, बोलायला लागली की थांबत नाही. चाचांनी त्या दोघांनाही नसीमचं सांगितलं होतं. प्रत्येकाला वेगळं, एकेकट्याला.

आता कुणाला वाटेल की आम्ही दर रविवारी सुतकी चेहऱ्याने बसत असू. छे! एका वर्षी परग्रहवासी हा विषय होता. चाचा म्हणाले, तबकडी बघावं तेव्हा परदेशात उतरते, देवळालीत काय जागा नाही? तर प्रत्येकाने सांगायचं, भाऊसाहेबांच्या उसात तबकडी उतरली तर पुढं काय होईल. प्रणालीने ध्वनिलहरी, संकेत, आकड्यांची भाषा असं पुष्कळ सांगितलं. चाचा म्हणाले, "मालक, वावर तुमचं आहे, तुमी काय करनार?" भाऊसाहेबांशी बोलताना त्यांची भाषा अशी आपोआप वळायची.

"आदी पंचनामा," भाऊसाहेब म्हणाले. "तलाठ्याला बोलवायचं. किती ऊस मोडला ते लिवून घ्यायचं. मंग पाव्हन्यांना च्या."

"आणि ते चहा पीत नसले तर?" मी विचारलं.

"न्हाई पीत म्हंजे? आपल्याकडं आलेत ना?"

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाले, "बघा, ही खरी विज्ञानकथा. उतरवून घ्यायला माणूस आहे."

विषय कोणत्या महिन्यात ठेवायचा याचं त्यांचं पक्कं गणित असायचं, आणि मी गणिताची असूनही मला ते सुचलं नसतं. यंत्रमानव नेहमी गळीत हंगामात. एका वर्षी आमच्याकडे ऊस तोडणारी मोठी मशीन फिरायला लागली होती. भाऊसाहेब खूश. "लई बरं झालं. मुकादमाच्या मागं फिरायला नगं, टोळीची वाट बगायला नगं." चाचा म्हणाले, चला, चालत्या यंत्राजवळच बसून चर्चा करू. आम्ही बांधावर बसलो. मशीन घुरघुरत होती आणि पलीकडे बीडकडून आलेली एक टोळी बैलगाड्या सोडून नुसती बसली होती. चाचांनी भाऊसाहेबांना त्यांचा तो प्रश्न विचारला नाही. नुसतं टोळीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने भाऊसाहेब स्वतःच उठले, टोळीच्या माणसांशी काहीतरी बोलून आले आणि म्हणाले, "खालचं वावर हातानीच तोडू."

जगबुडीच्या कथा मात्र त्यांनी कधीच उन्हाळ्यात घेऊ दिल्या नाहीत. प्रणालीने एकदा हट्ट धरला, तर चिडलेच. चाचांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "माझी बहीण पारनेरकडं आहे," ते म्हणाले. "एप्रिलमध्ये ती टँकरच्या मागं हंडा घेऊन पळते. आणि मी इथं पंख्याखाली बसून जग कसं संपेल त्याच्या गोष्टी ऐकू? ऑगस्टमध्ये घ्या. विहिरीला पाणी असलं की भीती परवडते."

सगळे विषय झाले, एक सोडून. कालप्रवास. दर जूनमध्ये प्रणाली मान वाकडी करून विचारायची, "चाचा, यंदा तरी?" आणि चाचा खिडकीमागच्या आवाजात म्हणायचे, "ती सेवा रद्द आहे बेटा. प्रवाशांनी नोंद घ्यावी." आम्ही हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, तरी हसायचो. मला त्यांनी एकदा सांगितलं होतं, "चार हुशार माणसं बसली की तासाभरात सिद्ध करतील की हे होणार नाही. मग मी घरी जाऊन काय करू, बाई?"

दोन वर्षांमागे चाचांची छाती दुखायला लागली. ऑपरेशन झालं. संभाजीनगरला असतो तो मुलगा म्हणाला, अब्बू, आता एकटं राहायचं नाही, दिवाळीनंतर न्यायला येतो. त्या जूनमध्ये चाचा जिना चढताना दोनदा थांबले. वर आले, बसले आणि प्रणालीने काही विचारायच्या आतच म्हणाले, "यंदाचा एकच विषय. कालप्रवास."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना प्रणाली फाटकाशी उभी. इतकी वर्षं या विषयासाठी भांडणारी पोरगी, आणि चेहरा पांढराफटक. "मॅडम, मी काय बोलू? मला ते येतं सगळं. त्यात कुठं अडतं ते मला माहितीये. मी खोटं बोलू का?"

"खोटं तुला जमणार नाही," मी म्हटलं. "आणि त्यांना कळेल."

"मग?"

"मग खरं बोल. पण मारकुट्या मास्तरासारखं नको बोलूस."

सोपं होतं मला सांगायला. तो रविवार आला. प्रणाली उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. म्हणाली, "चाचा, यंत्राची अडचण नाही. यंत्र झालं असं धरू. कुणीतरी मागं गेलं. फाट्यावर तिला सांगितलं, गाडी येतेय. ती थांबली, गाडीत बसली, घरी आली. मग तुम्ही हा गट काढलाच नसता. तिची पुस्तकं तिच्याच कपाटात राहिली असती. आपण कुणी भेटलो नसतो, तुम्ही आम्हाला निरोप दिला नसता. मग तो निरोप घेऊन मागं जाणार कोण?" एवढं बोलली आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली.

मला तिचा राग आला. मीच खरं बोल म्हणाले होते आणि मलाच राग आला.

चाचा शांत होते. "रडू नको बेटा. हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. नसीमच्या एका अंकात आहे ते, तिनं पेन्सिलनं खूण पण केलीय. होईल की नाही, यावर मी आज भांडायला बसलेलो नाही. मला दुसरंच विचारायचं आहे." त्यांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "समजा झालं. तर प्रणाली म्हणते तसं, हा गट नाही. इथं कुणी बसलंच नाही. तबकडी नाही, पंचनामा नाही. तुम्ही एकमेकांना रस्त्यात ओलांडून जाल आणि ओळखणार नाही. आठवणसुद्धा नाही राहायची. हे एवढं तुमचं आहे, माझं एकट्याचं नाही. आणि मी इतकी वर्षं देवाकडं रोज तेच मागतोय. तुम्हाला न विचारता. ते बरोबर नव्हतं. म्हणून हा विषय ठेवला. तुमची हरकत आहे का?"

असा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता.

भाऊसाहेबच आधी बोलले. "आन मी कुडं जायाचं रविवारी?" एवढंच म्हणाले. मंडळी गेल्यापासून ते आठवडा ढकलायचे तो रविवारच्या आशेवर, हे चाचांनाही ठाऊक होतं. चाचांनी मान खाली घातली. मग भाऊसाहेबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. "जाऊ द्या," ते म्हणाले. "पोर घरी येऊ द्या. माजं मी बगीन."

प्रणालीने रडतारडता मान हलवली.

"बाई?"

"माझी हरकत नाही, चाचा," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. पण म्हणताना मी बाक घट्ट धरला. या माणसाला मी ओळखतच नाही, असं एक आयुष्य मी आत्ता कबूल करून बसले होते.

"मेहरबानी," चाचा म्हणाले. मग एकदम कामाला लागल्यासारखे पुढे सरकले. "आता नीट ऐका. पुढच्यांना सांगताना चुकवू नका. ती अनोळखी माणसाशी बोलत नाही. म्हणून सांगायचं, अब्बूंनी निरोप दिलाय. बाईमाणूस गेलं तर बरं. आणि फार बोलायचं नाही, ती प्रश्न फार विचारते." शेवटचं वाक्य म्हणताना ते हसले. मी त्यांना नसीमबद्दल बोलताना हसलेलं तेव्हाच पाहिलं.

दिवाळीनंतर मुलगा गाडी घेऊन आला. आम्ही तिघं निरोप द्यायला गेलो. भाऊसाहेबांनी काकवीची बरणी आणली होती, ती ठेवायला डिकीत जागा होईना, तेव्हा त्यांनी ती चाचांच्या मांडीवरच दिली. चाचा पुढच्या सीटवर बसले होते, स्वेटर घालून, जरा लहान झाल्यासारखे.

"येत जा अधूनमधून," मी खिडकीशी वाकून म्हटलं. "भेटू पुन्हा."

"नको बाई, असं म्हणू नका." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हात गार होता. "भेट नाही झाली तर जास्त चांगलं. एखाद्या सकाळी तुम्ही उठाल आणि इनामदार नावाचा माणूस तुम्हाला ठाऊकच नसेल. त्या दिवशी समजा, नसीम घरी पोचली."

"अहो, पण ठाऊकच नसेल तर मी समजणार कशी?" माझ्यातली गणिताची बाई बोललीच.

चाचा क्षणभर गोंधळले. मग खळखळून हसले. "अरे हां! तेही खरंच." गाडी सुरू झाली. वळणावर जाईपर्यंत ते बरणी दोन्ही हातांनी धरून मागे वळून आमच्याकडे बघत होते, आणि अजून हसत होते.

त्या हिवाळ्यातच ते गेले. मुलाचा फोन आला. दफन तिकडंच झालं.

आम्ही तिघं अजून रविवारी बसतो. विषय निवडायला कुणालाच धड जमत नाही, भांडणं होतात, प्रणाली उन्हाळ्यात जगबुडी आणते आणि भाऊसाहेब तिला रागावतात. नवीन कुणी टिकेलसं वाटलं की आम्ही त्याला एकट्याला बाजूला घेऊन नसीमचं सांगतो. काही लोक पुढच्या रविवारी येत नाहीत.

रोज सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी मनात ते नाव घेऊन बघते. इनामदारचाचा. नाव लगेच येतं. आवाजासकट येतं. मला हायसं वाटतं, कारण मला ते हवे आहेत, अजून हवे आहेत. आणि दुसऱ्याच क्षणी त्या मुलीसाठी माझं मन मला खातं. आजही नाव आठवलं, म्हणजे तिच्यापर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही.